विचार करणारा घोडा

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या या गृहस्थांना सगळी गल्ली ‘काउबॉय’ म्हणते. घोड्यावर ते जन्मात बसलेले नाहीत. कुत्रा आडवा आला तरी रस्ता बदलतात. नाव पडलं ते छंदावरून. एका परदेशी संगीतकाराने उमेदवारीच्या काळात काही काउबॉयपटांना संगीत दिलं होतं. पुढे तो मोठा झाला, वादकांचा भलामोठा ताफा त्याच्या हाताखाली आला. त्या मोठेपणाशी काउबॉयना देणंघेणं नाही. त्यांच्या कपाटात फक्त सुरुवातीच्या तबकड्या आहेत, एक गिटार, एक ढोल आणि एक शीळ घालणारा माणूस एवढ्यावर त्याला भागवावं लागत होतं तेव्हाच्या.

“ताफा नसला की माणूस डोकं चालवतो,” हे त्यांचं त्यावरचं मत.

तबकड्या एकेक करून जमल्या. काही जुन्या बाजारातून आल्या, काही बंद पडलेल्या सिनेमागृहाच्या अडगळीतून. एक तर गिऱ्हाइकाच्या घरी मशीन बघायला गेले असताना कुंडीखाली सापडली. मशीन दुरुस्त झालं, मजुरी म्हणून यांनी कुंडीखालची चकती मागितली. मालकीणबाईंना वाटलं, माणूस चांगला आहे पण थोडा हललेला आहे.

दुकानाच्या वरच्याच खोलीत ते राहतात. दिवसभर हाताला मशीनचं तेल, त्यामुळे तबकडी काढण्याआधी ते कोपरापर्यंत साबण लावून हात धुतात. “निघाले डॉक्टर ऑपरेशनला,” बायको म्हणते. तिला त्या संगीतातलं एकच आवडतं: कुंडीखालच्या तबकडीची दुसरी बाजू. मुलगी तान्ही असताना रडायला लागली की हीच बाजू लावायची, आणि शीळ संपायच्या आत पोर झोपायची.

रविवारी दुपारी समोरचा न्हावी आणि निवृत्त मुख्याध्यापिकाबाई ऐकायला येतात. दर रविवारी काउबॉय एक वाक्य म्हणतातच, “बाकीच्यांचे घोडे पळतात. याचा घोडा विचार करतो.” मग टापांचा तो संथ ठेका येतो, वाळवंटातला वारा येतो आणि वाऱ्यातून शीळ. बाई डोळे मिटून मान हलवतात. न्हावीही डोळे मिटतो, पण तो झोपतो.

गेल्या महिन्यात परगावी असलेल्या मुलीचा फोन आला. “बाबा, तुमची कुंडीवाली मला इथे मोबाइलवर सापडली. ऐका.”

काउबॉयनी ऐकलं. “कुणीतरी नक्कल केलीय. बघ ना, किती घाई! घोड्याला चाबूक मारल्यासारखं.”

“नक्कल नाही, बाबा. मूळच आहे. कंपनीनेच टाकलंय.”

फोन ठेवून ते तबकड्यांच्या प्लेअरपाशी गेले. मग फिरत्या थाळीच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवला आणि घड्याळ समोर ठेवून फेरे मोजले. मिनिटाला तेहतीस व्हायला हवेत. अठ्ठावीससुद्धा धड भरेनात. प्लेअर एका खलाशाकडून घेतलेला, दुसऱ्या देशातल्या विजेसाठी बनवलेला. जळू नये म्हणून यांनी तेव्हाच ट्रान्सफॉर्मर जोडला होता. पण त्याने विजेचा दाब बदलतो, वारंवारता नाही, आणि इथल्या कमी वारंवारतेवर ती मोटर मुळात हळू फिरते, हे काही डोक्यात आलं नव्हतं. पट्टा आणि चाक यांवर ज्याचं पोट, मशीनचा नुसता आवाज ऐकून जो दोष सांगतो, त्याच्याच घरी दिव्याखाली अंधार.

जेवणाकडे लक्ष नाही हे बायकोने ओळखलं. सगळं ऐकून घेऊन म्हणाली, “अहो, मग सांगू नका. कुणाला कळणार आहे?”

“मला कळलंय ना. इतकी वर्षं मी त्याचं कौतुक केलं का मोटरचं, तेच समजेना.”

“माझं कौतुक कुठल्या मोटरवर चाललंय तेही बघा एकदा,” ती म्हणाली आणि ताटं उचलली.

त्यांनी लेथवर मोटरसाठी नवी पितळी कप्पी कातली, जुनीपेक्षा जराशी मोठी. बसवली, पण तबकडी लावून पाहिली नाही. एकट्याने ऐकायची हिंमत होत नव्हती.

रविवारी दोघं आल्यावर त्यांनी उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. न्हाव्याला उकळ्या फुटल्या.

“म्हणजे इतकी वर्षं आपलं वरातीमागून घोडं? आणि मी झोपायचो म्हणून तू मला शिव्या द्यायचास! अरे, दोष माझा नव्हताच.”

“आज झोपून दाखव,” काउबॉय म्हणाले आणि सुई टेकवली.

घोडा उधळला. ढोल छातीवर आला, गिटार बोटं भाजल्यासारखी वाजू लागली. न्हावी ताठ बसला. काउबॉय मान खाली घालून ऐकत होते. विचार करणारा घोडा कुठेच नव्हता. हे कुणाच्या तरी मागे सुटलेलं, चांगलंच तापट जनावर होतं. मग वारा यायची वेळ झाली, आणि वारा आलाच नाही. शिळेच्या आधी, स्पष्ट, एका माणसाने श्वास आत घेतला.

काउबॉयनी सुई उचलली. मागे नेऊन पुन्हा टेकवली. पुन्हा तोच श्वास.

“बाई, ऐकलंत? मी वारा म्हणायचो तो. माणूस आहे तो! घाईत आहे बिचारा, त्याला दम पुरत नाहीये.”

“पुन्हा लावा,” बाई म्हणाल्या. या वेळी त्यांनी डोळे मिटले नव्हते.

चौथ्यांदा वाजून झाल्यावर बायको दारात येऊन उभी राहिली. “झाला का तुमचा तो पळापळीचा प्रकार? आता माझं लावा.”

“तुझं म्हणजे चुकीचं.”

“असू दे. पोरगी झोपायची त्याच्यावर.”

काउबॉयनी न्हाव्याकडे पाहिलं. न्हाव्याने आधीच पाय पसरून भिंतीला डोकं टेकलं होतं. तेव्हा त्यांनी सदऱ्याच्या खिशातून जुनी कप्पी काढली, स्क्रू सैल करून ती बसवली, आणि ते पुन्हा हात धुवायला गेले.