नजाहचा बिनखात्याचा फोन

मी लग्नाच्या हॉलच्या दारात बसते आणि बायकांचे फोन काढून घेते. इर्बिदमध्ये बायकांच्या लग्नात आत फोन न्यायचा नाही, याबाबत सगळं शहर एकमुखी आहे. आत बायका केस मोकळे सोडतात, बिनबाह्यांचे कपडे घालतात, नाचतात. परक्या पुरुषाला त्यातलं काही दिसता कामा नये. म्हणून प्रत्येक फोन माझ्याकडे येतो आणि नंबर घातलेल्या कापडी पिशवीत बंद होतो. साहेबाची बायको असो की नवरीची सख्खी मावशी, मी कुणाला सोडत नाही. माझ्या तोंडावर मला हवालदार म्हणणाऱ्या आहेत, म्हणोत बापड्या.

फक्त एकीचा फोन मी कधी घेतला नाही. ती नजाह, आमच्या हॉलची फोटोवाली.

नजाह आज सत्तेचाळीस वर्षांची आहे. चोविसाव्या वर्षी तिचा तलाक झाला, तेव्हा ती बापाच्या घरी परतली आणि वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहू लागली. खाली थोरला भाऊ फवाझ आणि त्याचा संसार. भावाच्या जिवावर जगायचं नाही म्हणून तिने कॅमेरा उचलला. तेव्हा रोलचे दिवस होते. रोल धुवायला स्टुडिओत द्यावा, तर स्टुडिओत पुरुष! मग ही बाई स्वतःच धुवायला शिकली. न्हाणीघराच्या खिडकीला काळं ब्लँकेट ठोकून तासन् तास आत बसायची. औषधांनी तिची बोटं तपकिरी झालेली मी पाहिली आहेत. फोटोच नव्हे, निगेटिव्हसुद्धा ती नवरीच्या आईच्या हातात द्यायची. इतक्या वर्षांत तिच्याकडून एक फोटो इकडचा तिकडे झाला नव्हता. मुलीचं लग्न ठरलं की आया आधी नजाहची तारीख विचारायच्या, मग हॉलची.

आताच्या नवरीमुलींना अल्बमची वाट पाहवत नाही. नाच संपायच्या आत फोटो हवा असतो. म्हणून दोन वर्षांपूर्वी नजाहने चांगलासा फोन घेतला आणि नेहमीप्रमाणे भावाच्या हातात दिला, ‘जरा चालू करून दे.’ आमच्या बायकांची ही खोड आठवली की मला संताप येतो, आणि त्यात मीही आलेच. फोनचं खातं म्हणजे काय, ते कुणाच्या नावावर आहे, हे आम्ही विचारतच नाही. भाऊ घालून देतो, नवरा घालून देतो, नाहीतर दुकानदार. फवाझने तिच्या फोनमध्ये स्वतःचंच खातं घातलं. ‘एका घरात दोन कशाला?’ म्हणाला. नजाहने त्याला दुआ दिली आणि वर गोड कुनाफा खाऊ घातला.

फवाझच्या घराला रस्त्याच्या बाजूने पुरुषांची बैठक आहे. जुम्याच्या नमाजनंतर गल्लीतले सात-आठ जण तिथे कॉफी प्यायला जमतात. भिंतीवर मोठा टीव्ही आहे. तो नुसता चालू राहिला की आपणहून खात्यातले फोटो दाखवू लागतो. उमऱ्याच्या यात्रेचे फोटो पाहुण्यांना दिसावेत म्हणून फवाझनेच ती सोय चालू केली होती. तर एका शुक्रवारी तहानी नावाच्या मुलीचा काका जमिनीच्या कामासाठी पहिल्यांदाच तिथे आला. तहानीचं लग्न आदल्या दिवशीच झालं होतं आणि फोटो नजाहने काढले होते. काकाने कॉफीचा पेला ओठांना लावला आणि समोर टीव्हीवर त्याची पुतणी आली. पाठीवर मोकळे केस, उघडे खांदे, हात वर करून नाचणारी.

पेला भिंतीवर फुटला, तो आवाज वरच्या मजल्यावर नजाहने ऐकला.

तिसऱ्या दिवशी फवाझ दहा मोठी माणसं घेऊन तहानीच्या घरी समेटाला गेला. रिवाजाप्रमाणे पुढ्यात आलेली कॉफी त्यांनी खाली ठेवली; मागणं मान्य झाल्याशिवाय ती प्यायची नसते. मागणं मान्य झालं, कॉफी प्यायली, गळाभेटी झाल्या. काय ठरलं? फवाझने टीव्ही बैठकीतून काढायचा. नजाहने यापुढे एकाही लग्नात पाऊल ठेवायचं नाही, आणि तिचा फोन भावाच्या ताब्यात द्यायचा. पुरुषांनी पुरुषांची माफी मागितली, पुरुषांनी पुरुषांना माफ केलं आणि शिक्षा बाईला! तहानीला कुणी विचारलं नाही, तिच्या आईला नाही, नजाहला तर नाहीच. हे लिहितानाही माझे हात शिवशिवतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी नजाह माझ्या दारात उभी.

“वजीहा, ऊठ. अबाया चढव.”

“कुठे जायचंय?”

“उस्ताज झुहदींकडे. दुपारी फोन द्यायचाय त्या माणसाला. त्याआधी मला कळलं पाहिजे, माझ्या हातातलं त्याच्या भिंतीवर गेलं कसं.” भावाला ‘तो माणूस’ म्हणताना मी तिला पहिल्यांदाच ऐकलं.

उस्ताज झुहदी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. भाजीबाजारामागे त्यांचं कपाटाएवढं दुकान आहे. त्यांनी फोन घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि बराच वेळ बोट फिरवत राहिले.

“सित्त नजाह, हे खातं तुझं नाहीच. फवाझचं आहे. याला तीन गोष्टी जोडल्यात. त्याचा फोन, तुझा फोन आणि एक टीव्ही.”

“टीव्ही कधीपासून?”

“चौदा महिने झाले.” मग घसा खाकरून म्हणाले, “आणखी एक. तू कुठे जातेस-येतेस तेही त्याला नकाशावर दिसतं.”

नजाह खुर्चीत बसली. “मी डॉक्टरणीकडे गाठ दाखवायला गेले होते, कुणाला न सांगता. तिथे असतानाच याचा फोन आला, ‘बहिणी, तब्येत बरी आहे ना?’ वजीहा, मी रडले गं तेव्हा. म्हटलं, भावाचं काळीज आहे, त्याला आपोआप कळतं.”

“स्वतःचं नवं खातं काढून देतो,” उस्ताज म्हणाले, “पाच मिनिटांचं काम आहे.”

“मग फोटो कुठे जातील?”

“खातं देणाऱ्या कंपनीच्या यंत्रांवर. समुद्रापार कुठेतरी.”

“तिथे कोण बसलंय?”

“ते मला काय ठाऊक?”

“मग नवरीच्या आईला मी काय सांगू? कोण बसलंय मला काय ठाऊक, असं?”

उस्ताजांनी चष्मा खाली घेतला. आता त्यांना काम आवडू लागलं होतं. म्हणाले, फोनचा सगळा कारभार चालवणारी प्रणालीच बदलता येते. जगभरच्या काही हट्टी लोकांनी दुसऱ्या प्रणाली लिहिल्यात, फुकट देतात. खातं लागत नाही, आणि फोटो सांगितल्याशिवाय बाहेर जात नाही. “पण त्रास आहे. बँकेचं ॲप कदाचित चालणार नाही. फोन हरवला तर फोटोही गेले, परत आणायला कुणी नाही. आणि हसू नकोस, यातली सगळ्यांत पक्की प्रणाली त्याच मोठ्या कंपनीने बनवलेल्या फोनवर चालते.”

“म्हणजे ज्याच्यापासून लपायचं, पडदा त्याच्याच दुकानातून घ्यायचा?” नजाह हसली, पण ते हसू ऐकवत नव्हतं.

मी म्हटलं, “अगं, सरळ नवं खातं घे ना. बँकेत रांगा लावत बसणार आहेस का?”

“लावीन रांगा. न्हाणीघरात औषधांच्या वासात बसत होते, तेव्हा कुणी म्हटलं नाही की त्रास कशाला घेतेस.”

उस्ताजांकडे तसा एक वापरलेला फोन होता. त्यांनी तो वायरीने लॅपटॉपला जोडला. अर्ध्या-पाऊण तासात काम झालं. तो सुरू करताना आधी पिवळी सूचना यायची की यावर दुसरी प्रणाली आहे, सांभाळून. मग साधा काळा पडदा, त्यावर चार-पाच चिन्हं. कॅमेऱ्याला इंटरनेटची वाटच ठेवली नव्हती. नजाहने तीनदा विचारून खात्री करून घेतली.

मग नजाहचा आधीचा फोन. त्यातून फोटो पुसले की खात्यातूनही पुसले जातात, असं उस्ताजांनी दाखवलं. नजाह एकेक लग्न उघडायची, नवरीचं नाव भाजीच्या कागदी पिशवीवर लिहायची आणि मग पुसायची. अकरा नावं झाली.

“लिहून कशाला ठेवतेस?” मी म्हटलं. “बोभाटा एकट्या तहानीचा झालाय. बाकीच्या दहा घरांना गंधही नाही. वर्षभर गप्प बस, लोक विसरतील, पुन्हा काम मिळेल. त्यांना सांगितलंस तर संपलीस तू.”

“त्यांना गंध नाही, म्हणूनच तर सांगायचंय. माझ्या भरवशावर नाचल्या त्या.”

दुपारी माझ्यादेखत तिने जुना फोन फवाझच्या हातात ठेवला. “घे. ठरलं होतं ना, फोन द्यायचा. दिला.”

त्याने उघडून पाहिलं. आत काही नव्हतं. मग तिच्या हातातला दुसरा दिसला आणि त्याने तो हिसकावून घेतला. हिसकाहिसकीत तो बंद पडून पुन्हा सुरू झाला, पिवळी सूचना आली.

“हे काय थेर आहे? सभ्य बाईला असला फोन कशाला लागतो? उघडायचा नंबर सांग, उघडून दाखव.”

“नाही सांगणार.”

“लपवायचंय काय तुला?”

“तहानीचे केस लपवायचे होते. मी सभ्य भावाच्या भरवशावर राहिले आणि ते भिंतीवर लागले.”

“उगाच माझ्यावर चढू नकोस!” फवाझचा आवाज चिरकला. “हे काय त्या दिवशी सुरू झालं? वर्ष होऊन गेलं, दर जुम्याला लागतंय. सगळे बसलेले असायचे, कुणी एक शब्द काढला? तो परका माणूस आला म्हणून तमाशा झाला!”

बोलून गेला आणि मग त्याला कळलं आपण काय बोललो ते. नजाहने त्याच्या हातातून फोन काढून घेतला. त्याने अडवलं नाही. ‘वरच्या खोल्या खाली कर’ एवढं पुटपुटला. त्यावर ती म्हणाली की बापाच्या घरातला तिचा हिस्सा कागदावर आहे, कागद हवा तर पाहून घे.

मी भिंतीला टेकून उभी होते. दर जुम्याला सगळे बसलेले असायचे. त्या सगळ्यांत माझा नवरा होता. मी बायकांच्या पर्सा चाचपत दारात बसायचे, आणि अबू सनद तिथे बसून त्याच बायका पाहत होते. अंगाची अशी आग झाली की शिव्यासुद्धा सुचेनात. नजाहने माझ्याकडे पाहिलं. तिलाही ते आठवलं होतं.

पुढच्या शुक्रवारी सकाळी रिकाम्या हॉलमध्ये तिने अकरा आयांना बोलावलं. नऊ जणी आल्या. नजाह उभी राहिली आणि सरळ सांगितलं. खातं कुणाचं होतं, टीव्ही कुठे होता, किती दिवस चालू होता. “मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही, ही माझी चूक. फोटो पुसलेत. हा नवा फोन, याला खातं नाही, यातून काही बाहेर जात नाही, कुणीही तपासून घ्या. मला पुन्हा बोलवा म्हणून मी आले नाही. तुमच्या मुलींना हे बाहेरून कळू नये म्हणून आले.”

एकीने हंबरडा फोडला. दोघी उठून गेल्या; त्यातली एक जाताना नजाहच्या पायांशी थुंकली. नजाहने पाय मागे घेतला नाही.

तहानीची आई, उम्म अयहम, इतका वेळ तसबीहची माळ फिरवत बसली होती. ती म्हणाली, “नजाहचं ऐकलं. आता बघणारे कोण ते सांगा. आमच्या माणसांनी ज्यांना माफीची कॉफी पाजली ते कोण?”

नजाहने माझ्याकडे बघायचं मुद्दाम टाळलं. तिचं ते टाळणं मला सहन झालं नाही. मी उठले आणि नावं सांगितली. फवाझ, त्याचा मेव्हणा, कोपऱ्यावरचा बेकरीवाला, दोघे मास्तर, इमामाचा भाऊ. “आणि सातवा माझा नवरा.”

मग उम्म अयहमने तसबीह पिशवीत टाकली. “शव्वाल महिन्यात माझ्या धाकटीचं लग्न आहे. नजाह, फोटो तूच काढायचेस. पुरुषांनी काय ठरवलंय ते त्यांच्या बैठकीत पाळू देत. हॉल आपला आहे.” बाकीच्या सहाजणींपैकी दोघी हो म्हणाल्या. चौघी पर्सा उचलून निघून गेल्या.

मी घरी आले. जुमा होता. अबू सनद नमाजहून येऊन मकमुऱ्याच्या ताटावर बसले होते. बैठक बंद असल्याने आज लवकर घरी. मी समोर बसले, अबायाही काढला नाही.

“अबू सनद, फवाझच्या टीव्हीवर तुम्ही काय काय पाहिलंत?”

घास हातातच राहिला. “तुला कुणी सांगितलं?”

“तुम्ही सांगा.”

“मी... मी बघत नव्हतो. ती नाचायला लागली की मी मान खाली घालायचो. अल्लाशपथ.”

“कोण ती? कोणती?”

त्यांनी घास ताटात परत ठेवला.

“अकरा होत्या. पहिलीला मान खाली घातलीत. मग घरी येऊन मला का नाही सांगितलंत? एक शब्द! मी चालत जाऊन तो टीव्ही फोडला असता. बाकीच्या दहाजणी वाचल्या असत्या.”

त्यांनी पाण्याचा पेला उचलला, तसाच ठेवला. मग हळूच म्हणाले, “आपल्या घरातलं कुणी नव्हतं ना गं त्यात.”