पाचवं बदक

आमच्या पारोस बेटावर पुतळा घडवणाऱ्याचं नाव दगडात कोरतात, रंगवणाऱ्याला कुणी विचारत नाही. आमच्या शेजारच्या थ्रासोनला त्याचं काहीच वाटायचं नाही. रंग लागेपर्यंत देव त्याच्या लेखी अर्धवटच. आर्टेमिस देवीच्या संगमरवरी पुतळ्यावर तो दरवर्षी उत्सवाआधी मेणात कालवलेले रंग नव्याने चढवायचा. डोळे, ओठ असे काढायचा की देवी आता बोलेल. वस्त्राचा काठ म्हटला की मात्र त्याचं डोकं चालत नसे. मग बायकोच्या, मेलिताच्या मागावरचा काठ तो जसाच्या तसा उतरवायचा. हे आम्हाला तेव्हा कुठे माहीत?

एकदा विहिरीवर मेलिताच्या शालीला देवीचाच काठ पाहून मी तिला सगळ्यांदेखत टोकलं, "देवीचा काठ उचलतेस, लाज नाही वाटत?"

ती घागर भरून निघून गेली.

पुढच्या उत्सवात देवीच्या काठावर निळ्या बदकांची रांग आली. सगळी पुढे बघणारी, फक्त पाचवं मागे तोंड करून. यात काहीतरी मोठा अर्थ असणार, म्हणून आम्ही बायकांनी वर्षभर तेच विणलं.

नव्या उत्सवात मेलिताने माझ्या शालीचा काठ हातात घेतला. "हे उलटं कशाला गं?"

"देवीचं तसंच आहे," मी ठसक्यात म्हटलं.

"ते मी खास तुझ्यासाठी उलटं विणलं होतं."

मी तिच्या शेजारी उभ्या थ्रासोनकडे वळले. "आणि तुम्ही डोळे मिटून रंगवलंत?"

"दिसलं होतं की," तो म्हणाला. "पण हिला चुकलं म्हणून सांगणार कोण?"