कॅमेरा दवाखान्यात निघाला

माझा कॅमेरा आजारी नव्हता, हे आधीच स्पष्ट केलेलं बरं. त्या दिवशी मी ते बऱ्याच जणांना सांगायचा प्रयत्न केला, पण कुणी ऐकून घ्यायला थांबलं नाही.

मुरबाडच्या बाजारपेठेत माझा छोटासा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट साइजचे फोटो, झेरॉक्स, लॅमिनेशन असलं सगळं चालतं. कल्याणचा एक जुना स्टुडिओ बंद झाला तेव्हा तिथून मी एक लाकडी कॅमेरा उचलून आणला. बाजाच्या पेटीला असतो तसा भाता, पुढे पितळी कड्यातलं भिंग, मागे दुधी काच, आणि फोटोवाल्याने डोक्यावरून घ्यायचं काळं कापड. शिवाय सागवानी तिपाई, जी एकट्याने उचलली की माणूस वाकतो आणि दोघांनी उचलली की दोघं भांडतात. घरात आणला तेव्हा बायको सुनंदा म्हणाली, "हे ठेवायचं कुठं?"

"अगं, याने फोटो काढायचे."

"ते कळलं. ठेवायचं कुठं?"

ठेवायला जागा नव्हती, म्हणून मी कॅमेऱ्याला काम शोधलं. काम सासुरवाडीत होतं. सासूबाई आणि सासरे यांचा जोडीने काढलेला, भिंतीवर लावता येईल असा एकही फोटो नाही. त्यांच्या लग्नाला फोटोवाला शहापूरहून निघाला होता. खर्डीच्या पुढे सडक संपली तिथे त्याने एकदा डोंगर बघितला, एकदा आपलं सामान बघितलं आणि तिथूनच माघारी गेला. सासूबाई ही गोष्ट अजूनही काल घडल्यासारखी रागाने सांगतात. आता नातवंडांच्या मोबाइलमध्ये त्यांचे ढीगभर फोटो आहेत, पण त्या म्हणतात, "त्यात आमी खिशातून निघतो आन खिशातच जातो. माला भिंतीवरचा पायजे." मग मी (जेवण चांगलं झालं होतं, त्या भरात) शब्द दिला, की तुमच्या लग्नाचा राहिलेला फोटो मी काढीन, तोही त्या काळच्या कॅमेऱ्याने. जावयाचा शब्द! सगळ्या पाड्याला सांगून झाला.

भातकापणी उरकल्यावर दिवस ठरला. सुनंदा आदल्या दिवशीच माहेरी गेली. मी आणि माझा मेव्हणा गणपत सामान घेऊन मुरबाडहून जीपने शहापूर, तिथून खर्डी, तिथून रिक्षाने सडक संपते तिथपर्यंत पोचलो. रिक्षावाल्याने सामान उतरवलं आणि "वर जाणार?" एवढंच विचारून तो आमच्याकडे न बघता निघून गेला. पुढे तासाभराची चढण. पहिल्याच वळणावर पेटीचा पट्टा तुटला.

"भावजी, झोळी करू," गणपत म्हणाला.

विचार उत्तम होता. फोटोच्या मागे पडदा म्हणून आणलेली पांढरी चादर आमच्याकडे होतीच. गणपतने कुठून तरी बांबू आणला, चादरीची दोन टोकं त्याला बांधली, आत कॅमेऱ्याची पेटी आणि तिपाई आडवी घातली. धूळ बसू नये म्हणून वरून काळं कापड पांघरलं. तिपाईचे दोन पाय तेवढे चादरीबाहेर राहिले. पुढे गणपत, मागे मी. अर्ध्या चढणीवर, एका मोहाच्या झाडाखाली, माझा श्वास संपला. गणपत म्हणाला, "तुमी बसा, मी पाड्यातून काकाला घेऊन येतो," आणि तो वर गेला.

आता या भागातली एक रीत सांगायला हवी, जी मला जावई होऊन इतकी वर्षं झाली तरी माहीत नव्हती. डोंगरातल्या पाड्यांना सडक नाही. तिथलं माणूस आजारी पडलं की झोळीतूनच खाली आणतात. त्यामुळे वाटेवर झोळी दिसली की प्रश्न विचारत बसायचं नाही. हातातलं काम टाकायचं, खांदा द्यायचा आणि दवाखान्याकडे पळायचं. कोण, कुठलं, काय झालं, ही चौकशी सडकेवर पोचल्यावर.

आणि मी बसलो होतो झोळीशेजारी, डोकं दोन्ही हातांत धरून. चादरीतून दोन पाय बाहेर आलेले, तोंडावर काळं कापड ओढलेलं.

लाकडाच्या मोळ्या घेतलेल्या काही बायका आणि त्यांच्यामागून गवताचे भारे आणणारे तीन-चार पुरुष वाटेवर आले. धपाधप मोळ्या पडल्या. काळूदादा नावाचे एक उंच गृहस्थ (नाव नंतर कळलं, तेव्हा ओळख करून घ्यायला सवड नव्हती) सरळ बांबूखाली शिरले.

"येकलाच कसा रं तू? बाकीची पलाली काय?"

मला श्वास लागला होता. मी नुसतं वरच्या दिशेने बोट दाखवलं.

"वर कुठं नेतोस? दवाखाना खाली हाय ना. घाबरलाय बिचारा, वाट चुकलाय."

"अहो, नाही... जपून... आतली काच फुटेल."

भागीबाई म्हणून एक वयस्कर बाई होत्या. त्यांनी माझ्याकडे फार मायेने बघितलं आणि शेजारणीला हळूच म्हणाल्या, "डोक्यावर परिनाम झालाय गो याच्या. पानी पाज त्याला."

माझ्या तोंडाला पाण्याची बाटली लागली. ती दूर होईपर्यंत झोळी उतरणीला लागलीसुद्धा होती! जी चढण मी जीव तोडून चढलो होतो ती माझ्या डोळ्यांदेखत उलटी निघाली. मी मागे पळालो. "थांबा, तो कॅमेरा आहे," असं मी ओरडलो. "धीर धर, पोचवतो," असं पुढून उत्तर आलं. वाटेत शेतातली आणखी माणसं येऊन मिळाली. खांदे बदलत होते, वेग वाढत होता. कुणी सडकेवर जीप थांबवायला पुढे धावलं. माझ्या शेजारून पळणाऱ्या एकाने विचारलं, "कोन लागतं तुजं?" मी काय सांगणार? एवढी माणसं एवढ्या तळमळीने पळताना बघून एका क्षणी मलाही शंका आली, की खरंच आत कुणी तरी असेल. आपणही जरा जोरात पळावं असं वाटलं. पळालो. तेवढ्यात दगडावरून पाय मुरगळला.

मी लंगडत सडकेवर आलो तेव्हा झोळी जीपच्या बोनेटजवळ टेकवलेली होती आणि सडकेवरच्या गावच्या, आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताई नाडी बघायला हात आत घालून चाचपडत होत्या. त्यांचा चेहरा पडला.

"हात लय गार पडलाय," त्या म्हणाल्या.

ती तिपाईची पितळी मूठ होती. मी कापड ओढलं. भिंग सगळ्यांकडे बघायला लागलं.

सगळे भिंगाकडे बघायला लागले. शेवटी काळूदादांनी विचारलं, "ह्यो काय हाय?"

"कॅमेरा. फोटो काढायचा."

"मंग आदी बोलायचं ना."

मला रडू येईल असं वाटलं. सूर्य कलायला लागला होता, सासूबाई वर वाट बघत होत्या, आणि मी थेट त्या पहिल्या फोटोवाल्याच्या जागी येऊन उभा होतो. उभाही नव्हतो, एका पायावर होतो. मी सगळी हकीकत सांगितली. वरच्या पाड्याचं आणि सासूबाईंचं नाव निघताच भागीबाई म्हणाल्या, "तिचा फोटू? तिच्या लग्नाला माजी आय गेलती. उचला रं."

पेटी भागीबाईंनी चुंबळीवर घेतली, तिपाई एकाने खांद्यावर टाकली. झोळी रिकामी झाली. काळूदादांनी माझ्या पायाकडे बघितलं.

"मी चालतो," मी म्हणालो.

"सकाळपत्तर पोचशील," ते म्हणाले, आणि मला झोळीत घातलं.

वर वेगळाच गोंधळ चालला होता. गणपत काकाला घेऊन मोहाखाली आला तर तिथे नुसत्या मोळ्या पडलेल्या. त्याने घरी जाऊन सांगितलं, "भावजी सामान घेऊन पलाले." सुनंदा म्हणाली, "ते सामान घेऊन पळणं त्यांना जमणार आहे का?" एवढा विश्वास तिने लग्नानंतर पहिल्यांदाच माझ्यावर टाकला. सासऱ्यांनी कोट उतरवायला घेतला होता. सासूबाई मात्र नवं पातळ नेसून ओट्यावर तशाच बसून होत्या.

आणि समोरून झोळी आली.

"अगो बाय, जावयबापू," म्हणत सासूबाई धावल्या. मागोमाग सासरे, एक हात कोटात, एक बाहेर. दोघं झोळीच्या दोन बाजूंना उभे राहिले. मी चादरीतून डोकं काढून म्हणालो, "मी बरा आहे. उजेड जायच्या आत बसून घ्या."

सासूबाईंनी सासऱ्यांकडे बघितलं, सासऱ्यांनी माझ्याकडे, आणि दोघं हसायला लागले. हसता हसता सासूबाईंनी आधारासाठी सासऱ्यांचा खांदा धरला. सगळ्या पाड्यासमोर! सुनंदाने मोबाइल काढला आणि एकदा दाबला.

पुढचं सगळं मात्र रीतसर झालं. मला बाजेवर टेकवून बसवलं, कॅमेरा उभा राहिला. सासूबाईंनी कापडाखाली डोकं घालून दुधी काचेत बघितलं आणि म्हणाल्या, "ह्ये उलटे दिसतात. सरल करा आदी." (भिंगातून चित्र उलटंच पडतं, हे मी समजावलं. त्यांना पटलं नाही.) मग जोडीला बसवलं, हलू नका, हसू नका, श्वास धरा, अशी तंबी दिली आणि डोंगराआड ऊन जाता जाता फोटो काढला. घरी येऊन न्हाणीत अंधार करून मी तो धुतला. फोटो अप्रतिम आला. कोटाच्या बटणाची भोकं मोजता येतील इतका स्वच्छ. चौकट करून मी तो स्वतः पोचवला.

सासूबाईंनी तो नीट बघितला, पदराने पुसला आणि पेटीत ठेवून दिला. म्हणाल्या, "झ्याक हाय. पन भांडन झाल्यावानी बसलोय."

भिंतीवर सुनंदाच्या मोबाइलमधला फोटो लागला आहे. खर्डीच्या दुकानात मोठा करून घेतलेला, थोडा हललेला. दोघं खांद्याला धरून हसतायत आणि मधे झोळीतून माझं डोकं बाहेर आलंय. घरी आलेला पाहुणा आधी तोच बघतो आणि विचारतो, "मधला कोण आजारी?"

सासूबाई चहा पुढे करत सांगतात, "आजारी नाय रे. तो फोटू काढाया आलता."