रोबोचा सिग्नलमन

“काका, सोमवारी फाईल प्रेसला जाणार. काय चूक असंल ते आत्ताच बोला,” म्हणत केतकीनं लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. तो गुरुवार होता.

केतकी हैदराबादच्या चिक्कडपल्लीतली आमची शेजारीण. दिवसा सॉफ्टवेअरची नोकरी, उरलेल्या वेळात कॉमिक. गोष्ट तिची, चित्रं तिची, छापणारही तीच. या पुस्तकासाठी ती दोन वर्षं खपली होती. दहा मजली रोबो आणि त्यांच्या छातीत बसून ते चालवणारे पायलट. मी तीस वर्षं क्रेन चालवली, आता ऑपरेटर तयार करतो. म्हणून ती आमच्या ट्रेनिंग यार्डात आली होती.

चित्रं पाहून मी थक्क झालो. गंजलेले सांधे, ग्रीसचे डाग, हात लागून गुळगुळीत झालेला लीव्हर. पोरीनं किती बारीक पाहिलं होतं! शेवटी मात्र कोसळलेल्या पुलाचा स्लॅब पायलट एकटीच उचलते.

“खाली सिग्नलमन कुठाय?” मी विचारलं.

“कशाला? रोबोला बारा कॅमेरे आहेत की.”

“कॅमेरे माझ्याही क्रेनला आहेत.”

मग समजावलं. वरून ऑपरेटरला सगळं दिसत नाही. आडोशामागचा माल हलवायचा असतो, त्याला ब्लाइंड लिफ्ट म्हणतात. तेव्हा खालचा सिग्नलमन हातानं खुणा करतो आणि ऑपरेटर फक्त त्याचंच ऐकतो.

“म्हणजे माझी हिरॉईन हुकमाची ताबेदार?” केतकी चिडली. “आणि नऊ पानं परत काढू? चार दिवसांत?”

मी वाद न घालता तिला हेल्मेट दिलं. आमचा एक धडा आहे. हुकाला पाण्यानं भरलेली बादली लावायची आणि एक थेंबही न सांडता कंटेनरला वळसा घालून मागच्या पिंपापाशी न्यायची. बादली जमिनीपासून कमरेइतकीच उंच. मी छोट्या क्रेनच्या केबिनमध्ये बसलो, केतकी सिग्नलमन होऊन कंटेनरच्या कोपऱ्याशी उभी राहिली.

“फक्त माझंच ऐकायचं हां, काका.”

“फक्त तुझंच.”

पाच मिनिटं तिनं झकास काम केलं. मग नवशिक्यांची नेहमीची चूक झाली. बादलीकडे पाहायचं सोडून ती माझ्याकडेच पाहत राहिली. बादली कंटेनरमागे, मला न दिसणारी, आणि हिची पाठ तिकडे. हात सांगत होता, येऊ द्या, येऊ द्या.

तेवढ्यात ऑफिसच्या पायऱ्या झाडणाऱ्या यादम्मानं खराटा फेकला आणि दोन्ही हात जोरजोरात हलवले. मी क्रेन जागच्या जागी थांबवली. बादलीनं हेलकावा खाल्ला आणि सगळं पाणी केतकीच्या पाठीवर आलं. बादली वीतभर लांब राहिली होती.

मी धावत खाली उतरलो. “पिल्ला को लग जाती थी सार,” पोरीला लागली असती, एवढंच म्हणून यादम्मा खराटा उचलायला गेली.

केतकी निथळत उभी. “मी थांबा बोललेच नाही! तुम्हीच बोलले ना, फक्त माझं ऐकणार?”

“चालव म्हणायचा हक्क एकाचा. थांब मात्र कुणीही म्हणावं. मालक असो की झाडूवाली, ऑपरेटरनं आधी थांबायचं, मग कारण विचारायचं.”

“मग हे आधी का नाही सांगितलं?”

तीस वर्षांच्या अनुभवाची माझी ऐट त्या बादलीबरोबरच सांडली. तो नियम माझ्या नोट्समध्ये अगदी शेवटच्या पानावर होता.

केतकी ओल्या कपड्यांनीच पायरीवर बसली, वही मागून घेतली आणि म्हणाली, “अम्मा, हात फिरसे वैसेच करो ना.”

शुक्रवारी तिनं रजा टाकली. सोमवारी फाईल वेळेवर गेली.

छापलेल्या पुस्तकात आता शेवटी स्लॅब हवेत आहे. कंट्रोल रूम ‘उचल, उचल’ म्हणून ओरडते आहे. खाली रस्त्यावर एक झाडूवाली दोन्ही हात वर करून उभी आहे, आणि दहा मजली रोबो तिच्यासमोर थांबला आहे. त्या पानावर एकही शब्द नाही.

पहिली प्रत केतकीनं यादम्माला दिली. तिला वाचता येत नाही, पण ते पान तिनं बराच वेळ पाहिलं. “साडी हरी नै थी सार,” चित्रातल्या हिरव्या साडीवर बोट ठेवून ती म्हणाली. “नीली थी.”

ते पान मी यार्डाच्या भिंतीवर लावलं आहे. नव्या बॅचला पहिल्या दिवशी मी त्यापुढे उभं करतो आणि थांबायला शिकवतो. उचलायचं दुसऱ्या दिवसापासून.