वहीतला खोडलेला नियम

बुद्धिबळातला एक नियम मला माहीत होता, तरी भर लोकांत मी तो नाही म्हणून सांगितलं. माझा गैरसमज झाला होता असं म्हणायची सोय नाही. मी खोटं बोललो.

सत्तर सालानंतरची गोष्ट. मी झरीच्या शाळेत शिक्षक होतो. गावात डाव जुन्या पद्धतीनं चाले. प्यादं एकेक घर सरके, राजाला एकदाच घोड्याची उडी मारता येई. त्या डावात मला कोणी हरवत नसे. मग माझ्याच वयाचा एक शिक्षक बदलून आला. बौद्ध कुटुंबातला, घरात शिकलेला पहिलाच. औरंगाबादला कॉलेजात असताना एका इंग्रजी पुस्तकावरून त्यानं नव्या खेळाचे नियम, त्यांच्या इतिहासासकट, वहीत मराठीत उतरवले होते.

मधल्या सुट्टीत तो वाचून दाखवी. वजीर पूर्वी तिरका एकच घर चालायचा. युरोपात गेल्यावर त्याला सगळा पट मोकळा झाला. डाव लवकर रंगावा म्हणून प्याद्याला पहिल्या चालीत दोन घरं मिळाली.

"पन त्या उडीत समोरच्याच्या प्याद्याचा मारा चुकवून त्याच्या शेजारी आलं, तर त्या प्याद्यानं त्याला लगेच मारावं. एकच घर चाललं असं धरून," तो समजावी.

हेडमास्तर एकदा मला म्हणाले, "गुरुजी, तुमी नुसते खेळता. ह्यांना खेळ कळलाय."

ते वाक्य मला कित्येक दिवस गिळवेना. मी ती वही चार दिवसांसाठी मागून नेली आणि महिना झाला तरी परत केली नाही. त्याचं अक्षरसुद्धा माझ्यापेक्षा चांगलं होतं.

त्याच सुमारास परभणीला शिक्षकांच्या बुद्धिबळाच्या स्पर्धा झाल्या, नव्या नियमांनी. शेवटच्या आधीच्या डावात त्यानं मलाच हरवलं. नवे नियम वाचलेला म्हणून शेवटच्या डावाला मला पंच केलं. जिंकेल तो पुढच्या फेरीसाठी औरंगाबादला जाणार होता. आमच्या नव्या शिक्षकासमोर राणीसावरगावचे एक म्हातारे गुरुजी होते. त्यांनी प्यादं दोन घरं टाकलं. यानं आपलं प्यादं तिरकं रिकाम्या घरात नेलं आणि त्यांचं उचललं.

"अवो, हे काय करायलात? माझं प्यादं बाजूला, अन् तुमी रिकाम्या घरात!"

"प्यादं हाय का भूत?" मागून कोणीतरी म्हणालं. लोक हसले.

तो माझ्याकडे वळला. "गुरुजी, माझी वही तुमच्याकडं हाय ना? दाखवा की."

वही माझ्या मांडीवरच्या पिशवीत होती.

"घरी राहिली," मी म्हणालो. "पन असा नियम काय वाचल्याचं आठवत न्हाई."

मी पाटलाच्या घरचा. माझा शब्द कोणी तपासला नाही. त्यानं दोन्ही प्यादी जागेवर ठेवली आणि पुढे तो डाव हरला. मला लय बरं वाटलं, हेही लिहायला हवं.

दुसऱ्या दिवशी वही परत घेताना तो म्हणाला, "उतरवताना माझीच चूक झाली आसंल."

सहा वर्षांनी, त्याची पिंगळीला बदली झाल्यावर, मी तिथं त्याच्या शाळेत गेलो. तो व्हरांड्यात विद्यार्थ्यांना डाव शिकवत होता. पटाशेजारी तीच वही उघडी होती. तो नियम रेघ मारून खोडलेला होता आणि मुलं त्याच्याशिवायच खेळत होती.

मी मुलांसमोरच सतरंजीवर बसलो.

"गुरुजी, ह्यो नियम बरोबर हाय. मला तवाच माहीत होतं. वही माझ्या पिशवीत होती. तुमी औरंगाबादला जाऊ नये म्हणून मी खोटं बोललो. मला माफ करा."