ओयनिसाची डावी भुवई

बुखाऱ्यात नेमत उस्तादाच्या दुकानात कुणीही आपलं चित्र काढून घ्यायला बसो, कागदावर उतरायची ती एकच चंद्रमुखी. बदामी डोळे, चिमुकलं तोंड, नाकावर सरळ रेषेत जुळलेल्या भुवया. जुनी पद्धतच तशी. माणूस ओळखायचा तो टोपीवरून, झग्यावरून. "तोंड काय, सगळ्यांनाच असतं," उस्ताद म्हणायचा. गिऱ्हाईक खूश!

बायको ओयनिसा वारली तेव्हा तो रडला नाही. पुलावाची कढई कुठे मांडायची, तेवढं सांगत राहिला.

तिच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण जवळ आलं तशी लेक नसीबा म्हणाली, "बाबा, आईचं चित्र काढा. पासपोर्टातल्या फोटोत ती पोलिसांनी धरून आणल्यासारखी दिसते. माझ्या पोटातलं उद्या विचारेल, आजी कशी होती, तर ते दाखवू?"

"काढतो," तो म्हणाला. मीठ दे म्हटल्यावर 'देतो' म्हणावं तसं.

चित्र झालं. नसीबानं ते उजेडात धरलं. "ओढणी आईची. कानातलं आईचं. आणि आत ही कोण? ही तर तुम्ही त्या जर्मन पर्यटकांना विकता ती!"

त्यानं चेहरा खरवडला, पुन्हा काढला. पुन्हा तीच बया. ओयनिसाचा चेहरा आठवू गेला, तर काहीच येईना. मुंग्या आलेला पाय चिमटून पाहावा, तसं त्यानं स्वतःला चिमटून पाहिलं.

चहा घेऊन तो अंगणात बसला. उस्म्याची रोपं कुणी न खुडल्यानं गुडघाभर माजली होती. दर शुक्रवारी ओयनिसा ती पानं चुरडायची, काडीला कापूस गुंडाळून हिरवा रस भुवयांना लावायची. आरशाशिवाय. "सरळ आलीय का हो?" आणि हा कागदावरून मान न उचलता, "आलीय." कधीच आलेली नसायची. डावी नेहमी वर चढायची. मग भिंतीपलीकडून शेजारची बसोरत खाला ओरडायची, "ओयनिसा, भुवई टोपीला टेकली गं तुझी!"

नेमत उठला आणि चित्रापाशी बसला. उजवा हात ऐकेना, सरळ रेषेकडेच ओढ घेई. शेवटी त्यानं खारीच्या केसांचा कुंचला डाव्या हातात घेतला. भुवई वाकडीतिकडी वर गेली. मग, रिवाजाप्रमाणे अगदी शेवटी, बुबुळं भरली.

चाळिसाव्याला बसोरत खाला नान घेऊन आली. चित्रासमोर थबकली. "मेले, आज तरी सरळ काढायचीस!" असं चित्रालाच दरडावून ती नानसकट खाली बसली आणि हमसून रडू लागली. नसीबानं चित्र उचलून पोटाशी धरलं.

नेमत तांदूळ निवडत होता. त्याला काहीच होत नव्हतं.

"आलीय की सरळ," मान न उचलता तो म्हणाला.