सफियाभाभींची गावाबाहेरची रजा

कुवेतमध्ये नोकरी करणाऱ्या आम्हा लोकांना रजा आणि गाव हे दोन शब्द वेगळे करता येत नाहीत. "रजेवर कधी?" असं कोणी विचारलं की "गावी कधी?" असाच त्याचा अर्थ. रजेत थायलंडला गेलो होतो असं कोणी सांगितलंच, तर ऐकणारा आधी विचारतो, "मग गावी कधी गेलास?" आणि उत्तर ऐकून थोडा गप्प होतो. इतक्या वर्षांत मीही तसा गप्प झालेला आहे.

त्यामुळे सफियाभाभी गेल्या वर्षी रजा घेऊन गावी न जाता कोरियाला गेल्या, ही गोष्ट वाटते तेवढी साधी नाही.

सफिया होडेकर रिग्गईतल्या आमच्या इमारतीत समोरच्याच फ्लॅटमध्ये राहतात. माहेर आणि सासर दोन्ही जयगडच्या खाडीकाठी. त्यांचे पती साबीरभाई शुवैखला मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानात विक्री सांभाळतात. भाभी लग्न होऊन कुवेतला आल्या तेव्हा अब्बासियात आणखी एका कुटुंबाबरोबर एकाच फ्लॅटमध्ये राहत होत्या. स्वयंपाकघराची पाळी लावलेली असे. पुढे एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर नोकरी लागली आणि तिथेच पेशंटांशी बोलत बोलत त्या अरबी शिकल्या. दाढ धरून आरडाओरडा करत आलेल्या माणसाला भाभी "लहजा, लहजा", म्हणजे "एक क्षण थांबा", म्हणत खुर्चीत बसवतात, नाव-गाव विचारतात, आणि डॉक्टर बोलावेपर्यंत तो माणूस त्यांना आपल्या उंटांबद्दल सांगू लागलेला असतो. मी स्वतः पाहिलं आहे.

त्यांच्या आजवरच्या सगळ्या रजा गावी गेल्या. नणंदेचं लग्न, घराचा मागचा भाग वाढवणं, सासऱ्यांचं आजारपण, दीर अफताबचं लग्न, मुलीची पुण्यातल्या कॉलेजची ॲडमिशन. गावी पोचलं की दुसऱ्या दिवसापासून चूल त्यांच्याकडे. "तिकडं मी रजेवर नसतेच भाऊ," त्या एकदा म्हणाल्या, "मी तिकडं बदलीवर असते."

कोरियाचं वेड लागलं ते कोरोनाच्या संचारबंदीत. मुलगी माहीन कोरियन मालिका बघायची, भाभी शेजारी बसून भाजी निवडायच्या. नंतर माहीन पुण्याला गेली आणि मालिका मागे राहिल्या. मग त्यांनी माझ्या बायकोला, वीणालाही ओढलं. सुट्टीच्या दिवशी दुपारी दोघी आमच्या सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेल्या असत. साबीरभाई चिडवायचे, "हिरो बगायला जमतात दोघी."

"हिरोचं काय कौतुक?" भाभी म्हणायच्या. "आमच्याकडं पण होता येक. आता त्याचं पोट बगा."

त्यांना आवडायचे ते कॅफे. एका मालिकेत लहानशा बंदरावरचा एक कॅफे होता. खिडकीतून होड्या दिसायच्या. एक बाई तिथे एकटी येऊन बसायची, समोर एकच कप, आणि कोणी तिला ऊठ म्हणायचं नाही. भाभींनी तो भाग कितीदा पाहिला असेल कोणास ठाऊक. आमच्याकडे चहाला बाहेर जायचं म्हणजे गाडी टपरीसमोर उभी करायची, हॉर्न वाजवायचा, पोऱ्या काचेतून करक, म्हणजे इकडच्या कडक दुधाळ चहाचे पेले आत देतो, ते संपवायचे आणि निघायचं. साबीरभाईंना हीच चैन वाटते. भाभींना खुर्ची हवी होती आणि खिडकी.

पुढच्या वर्षी मी निवृत्त होणार आहे. त्याआधी वीणाला एकदा तरी नीट फिरवून आणायचं ठरलं आणि तिने कोरियाचं नाव घेतलं. भाभी समोरच होत्या. "मी पण येते," त्या पटकन बोलून गेल्या आणि मग स्वतःच दचकल्या. साबीरभाईंनी आठवडाभर विचार केला. त्यांना प्रवासाची हरकत नव्हती. त्यांची एकच अडचण होती, "आम्माला काय सांगायचं?"

आम्मा म्हणजे भाभींच्या सासूबाई. वय ऐंशीच्या घरात. त्या वर्षभर रजेची वाट बघतात. शेवटी साबीरभाईंनीच तोड काढली : यंदा रजा मंजूर झाली नाही असं सांगायचं, फोटो कुठे टाकायचे नाहीत. भाभींनी फोनवर तसं सांगितलं. आम्मा रागावतील अशी त्यांनी तयारी ठेवली होती. आम्मा एवढंच म्हणाल्या, "बरं, नोकरी सांभाळ. मान्सानं नोकरी सांभाळावी." भाभी फोन ठेवून आमच्याकडे आल्या आणि वीणाला म्हणाल्या, "शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं वो."

ऑक्टोबरात आम्ही चौघे निघालो. विमानतळावर साबीरभाईंकडे दोरीने आवळलेला, मार्करने नाव लिहिलेला खोका होता. त्यात खजुराची पाकिटं होती. "अवो, तिकडं आपलं कोण हाय?" भाभींनी विचारलं. "कोण नसलं म्हणून काय झालं? रिकाम्या हातानं कुठं जातात काय? आणि वजन तर मिळतंच हाय." सोलमध्ये त्यांनी हॉटेलच्या मॅनेजरला खजूर दिला, रस्ता दाखवणाऱ्या मुलींना दिला, बसच्या ड्रायव्हरला दिला. प्रत्येकाने कमरेत वाकून दोन्ही हातांनी घेतला. साबीरभाई खूष. आम्ही मासे, भात आणि वीणाच्या डब्यातली चटणी यावर मजेत होतो.

सोलमधल्या इक्सन-दोंगच्या गल्ल्यांत जुन्या बसक्या घरांचे कॅफे झाले आहेत. वर काळपट कौलं, आत मधोमध चौक. तिथे आम्ही दोनदा गेलो. भाभी आल्याचा चहा समोर घेऊन बसल्या, पण त्यांचं लक्ष कपात नव्हतं. शुक्रवारी नेहमीप्रमाणे गावी फोन करायचा होता. त्यांनी तो हॉटेलच्या बाथरूममध्ये जाऊन, कॅमेरा बंद ठेवून केला. मागे पाण्याचा आवाज येत होता म्हणून "मशीन लावलंय" असंही सांगितलं. बाहेर आल्या तेव्हा चेहरा उतरलेला होता.

मालिकेतल्या त्या बंदराचा दिवस मी रविवार ठरवला होता. प्रवासाचा सगळा आराखडा माझा. शुक्रवार-शनिवार टाळायचे, रविवारी लोक कामावर असतील, तेव्हा गर्दी कमी लागेल असा माझा हिशोब. बस पूर्व किनाऱ्यावरच्या त्या गावात पोचली तर धक्क्यावर माणसांची जत्रा. कॅफेबाहेर भली मोठी रांग. लहान मुलं खांद्यावर घेतलेले बाप, सारख्या रंगाच्या टोप्या घातलेली जोडपी. "मालिका फारच गाजली दिसते," मी म्हणालो. कोणालाच दुसरं काही सुचलं नाही.

बऱ्याच वेळाने आत बोलावणं आलं आणि नशिबाने खिडकीचंच टेबल मिळालं. खाली होड्या, पलीकडे लाल दीपगृह, धक्क्यावर दोऱ्यांवर काहीतरी वाळत घातलेलं. मालिकेत होतं तसंच. भाभींनी रताळ्याचं गरम दूध मागवलं, तिकडे ते कॅफेत मिळतं.

"वीणाताई, आज उपास काय तुमचा?" साबीरभाई म्हणाले. "नाय, रताळं बगून विचारलं."

वीणा हसली. भाभी हसल्या नाहीत. कप दोन्ही हातांत धरून त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. दुधावरचा फेस खाली बसत चालला.

"काय झालं गं?" वीणाने विचारलं. "एवढ्यासाठी तर आलो."

"घोट खाली उतरत नाय ताई." त्यांनी कप खाली ठेवला. "मी आम्मांना सांगते."

साबीरभाई खुर्चीत सरळ झाले. "आता? हितनं?"

"आताच बरं. त्या येकट्या असतील. अफताब कामावर, पोरं शाळेत, आमिना बाजारात. दोघीच बोलू. जे काय बोलायचं ते मला बोलतील."

गावी साडेअकरा झाले असतील असं मीही हिशोब करून सांगितलं. त्यांनी फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला आणि व्हिडिओ लावला.

आधी आम्मांचं कपाळ दिसलं. मग फोन कोणीतरी मागे घेतला आणि पडद्यावर अख्खं घर मावलं. अफताब, त्याची बायको आमिना, तीन मुलं, एक मावशी, आणि दारात उभा कोणीतरी पाव्हणा.

"भाभी! आज दवाखाना बंद काय?" अफताब ओरडला.

"तुमी घरी कसे?" भाभींचा आवाज चिरकला.

"संडे हाय ना भाभी! आज सगळी घरीच."

वीणाने मान वळवून दाराबाहेरच्या रांगेकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी मेनूकार्ड वाचायला घेतलं. कुवेतची सुट्टी शुक्रवार-शनिवारची; इतकी वर्षं रविवारी सकाळी ऑफिस गाठल्यावर साऱ्या जगाचा रविवार सुट्टीचा असतो हे आमच्या चौघांच्याही डोक्यातून पार निघून गेलं होतं.

"सफिया," आम्मा पडद्याजवळ येऊन म्हणाल्या, "मागं समुद्र कुठला? महबूल्याचा काय?"

कुवेतमधल्या महबूल्याचा किनारा भाभींनी त्यांना पूर्वी फोनवर दाखवला होता. साबीरभाई टेबलाखालून हात हलवत कुजबुजले, "हो म्हण. हो म्हण."

"नाय आम्मा," भाभी म्हणाल्या. "कोरियातला हाय."

तिकडे सगळी पडद्याजवळ सरकली. मग आमिनाने हळूच विचारलं, "रजा मिळाली नव्हती ना भाभी?"

"मिळाली होती. मी खोटं बोलले."

साबीरभाईंनी चेहरा फोनसमोर आणला. "आम्मा, तसं बगायला गेलं तर मीच—"

"तू गप. तिला बोलू दे." साबीरभाई मागे सरकले. आम्मांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "मी तुला अडवलं असतं काय गं?"

भाभींनी कपाकडे बघितलं. नाही म्हणणं सोपं होतं. आम्ही तिघंही त्याचीच वाट बघत होतो.

"हो आम्मा. अडवलं असतंत."

वीणाने माझं मनगट घट्ट धरलं. पडद्यावर मावशी दुसरीकडे बघू लागली.

"अडवलंच असतं," आम्मा म्हणाल्या. "यंदा कौलं बदलायची काढली होती. तू नाय तर चुलीपाशी कोण बसणार, ही?"

"बगा भाभी, माझा उद्धार!" आमिना म्हणाली आणि पहिल्यांदा कोणीतरी हसलं.

"पण खोटं बोललीस ते वाईट केलंस," आम्मा म्हणाल्या. "शुक्रवारी मशीन लावलंय म्हणालीस. मी हितं सगळ्यांना सांगत बसले, बिचारी सुट्टीच्या दिवशी पण कपडे धुते."

आता मात्र भाभींच्या डोळ्यांतून पाणी आलं. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने न बोलता कागदी रुमालांचा गठ्ठा पुढे सरकवला. "चुकलं आम्मा," भाभी नाक पुसत म्हणाल्या. "पुना नाय बोलणार."

"रडायला येवढ्या लांब कशाला गेलीस? गप. तुझे सासरे बोटीवर होते तेव्हा तिकडच्याच पुसान बंदराला जाऊन आलेले. मी विचारलं, कसं हाय तिकडं? तर म्हणाले, थंडी हाय. दर वेळेला तेच. थंडी हाय. तू तरी नीट सांग. फोन फिरव."

भाभींनी फोन उचलून खिडकीला लावला.

"ते दोरीवर काय टांगलंय?"

"माकुलं." कोकणात स्क्विडला माकुलं म्हणतात.

"बग अफताब, माकुलं! अशी उभी टांगतात होय? वारा कुठनं येतो त्यांना?" मग शेजारी कोणाला तरी, "नीट साफ केलेली दिसतात." मग परत फोनमध्ये, "तू काय पितेस?"

"रताळं घातलेलं दूध."

"येवढ्या लांब जाऊन रताळं?" तिकडे हशा उसळला. "पी आधी. निवलं असेल."

भाभींनी एका दमात अर्धा कप संपवला. वरच्या ओठावर फेस तसाच राहिला. आम्मांना दीपगृह जवळून बघायचं होतं, म्हणून त्या फोन हातात धरून बाहेर पडल्या. आम्ही खिडकीतून बघत होतो. धक्क्यावरच्या गर्दीतून त्या फोन समोर धरून चालल्या होत्या. मध्येच थांबून होडीचं नाव दाखवत, माकुलं वाळवणाऱ्या म्हातारीला हाताने काहीतरी विचारत. म्हातारी फोनमध्ये डोकावली आणि आपल्या भाषेत भरभरून बोलू लागली. आम्माही बोलत असाव्यात. दोघींपैकी कोणीच थांबत नव्हतं.

"आज ही येत नाय आता," साबीरभाई म्हणाले, पण त्यांचे खांदे सैल झाले होते.

भाभी परतल्या तेव्हा वाऱ्याने नाक लाल झालं होतं. "कौलं डिसेंबरात बदलायची ठरली," त्या बसत म्हणाल्या. "आपण दोघांनी चार दिवस तरी यायचंच. माकुलं आणायची, पण आधी वास घेऊन. आणि…"

"आणि काय?"

"आम्मा अफताबला विचारत होत्या, पासपोर्ट काढायला हल्ली किती दिवस लागतात."

साबीरभाईंचा चमचा हातात राहिला. "कुणाचा पासपोर्ट?"

भाभींनी काउंटरवरच्या मुलीला हात केला आणि रताळ्याचं आणखी एक दूध मागवलं. या वेळी त्यांनी ते अगदी सावकाश प्यायलं.